कावळा आणि कलम सात

शैला क्षेमकल्याणी महापालिकेत नेमकं काय करते, हे तिच्या नवऱ्यालाही धड सांगता यायचं नाही. "ती लीगलला आहे," म्हणून तो विषय बदलायचा. काम तसं सरळ होतं. विधिमंडळात एखादं विधेयक आलं, की त्याने नाशिककरांच्या डोक्याला काय ताप होणार आहे ते बघायचं, खात्यांची मतं मागवायची आणि आयुक्तांच्या सहीने सरकारला अभिप्राय पाठवायचा. दारावर 'विधिमंडळ कक्ष' अशी पाटी होती. कक्ष म्हणजे शैलाचं टेबल, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी. खिडकीत एसीचा डबा आणि डब्यावर कबुतरांची तिसरी पिढी.

खात्यांना मत विचारलं की सगळीकडून एकच शब्द यायचा: निरंक. म्हणजे आमचं काही म्हणणं नाही, आम्हाला सोडा. त्यातून सिंहस्थ तोंडावर आलेला. अख्खी महापालिका रस्ते आणि घाट यांत बुडालेली असताना विधेयक वाचायला सांगणारी बाई म्हणजे लग्नघरात विम्याचा एजंट. शैलाही मग सगळ्यांच्या निरंकांची मोळी बांधून त्यावर स्वतःचं मोठं निरंक लिहायची आणि वेळेत पाठवून द्यायची. वेळेत पाठवण्याबद्दल तिचं कौतुक व्हायचं.

कबुतरांचं विधेयक आलं तेव्हा मात्र तिने ते आवडीने वाचलं. कबुतरांमुळे फुप्फुसांचे आजार होतात, म्हणून शहरांत सार्वजनिक जागी पक्ष्यांना खायला घालायला बंदी. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं आणि समितीने महापालिकांची मतं मागवली होती. शैलाने खिडकीकडे एकदा बघितलं आणि लिहिलं, "हरकत निरंक. सदर विधेयक अत्यंत स्वागतार्ह आहे." 'अत्यंत' हा शब्द तिने नोकरीत पहिल्यांदाच वापरला होता.

पुढे काही दिवसांनी तिच्याच विभागातल्या रंगनाथ निकमची आई वारली. कुसाबाई मूळच्या चांदवडकडच्या. दहाव्याला सगळी मंडळी रामकुंडावर जमली. विधी सांगायला शैलाचा थोरला भाऊ नाना गायधनी होता. गायधन्यांच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. शैलाचा या सगळ्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि नानाला ते ठाऊक होतं. पण रंगनाथ शेजारच्याच खोलीत बसायचा, म्हणून ती गेली.

पिंड ठेवले. कावळा येईना. म्हणजे कावळे होते, समोरच्या कठड्यावर ओळीने बसले होते, पण पिंडाकडे असे बघत होते, जसं काही हॉटेलात आवडीचं काहीच नाही. चांदवडची मंडळी पुढे सरसावली.

"आई, तुझी म्हस नाय इकत. ये बाई," रंगनाथचा थोरला भाऊ म्हणाला.

कावळा ढिम्म.

"आत्या, सायलीचं लग्न तू म्हनली तिथंच करू," एका बाईने शब्द दिला. घोळक्यात मागे उभ्या असलेल्या सायलीचा चेहरा उतरला.

"शिवेल, शिवेल, घाई करू नका," नाना म्हणाला. त्याला हे रोजचं होतं.

शैला बाजूला सावली बघून उभी राहिली. घाटावरचा सफाईचा मुकादम पुंजा हातात झाडू धरून तिथेच थांबला होता. त्याने नमस्कार केला आणि विचारलं, "मॅडम, पक्ष्यांना घालायची बंदी येती म्हनत्यात. दंड आम्हीच करायचा का?"

"हो. कबुतरांना घालणाऱ्यांना."

"फक्त कबुतरांना ना?"

शैला "हो" म्हणणार होती, पण थांबली. कलम सात तिला जवळजवळ पाठ होतं. 'कोणीही व्यक्ती सार्वजनिक जागी कोणत्याही पक्ष्यास अन्न घालणार नाही, अथवा पक्षी खातील अशा रीतीने अन्न ठेवणार नाही.' कोणत्याही. तिने समोर बघितलं. रंगनाथ हात जोडून उभा, म्हस न विकायला तयार झालेला त्याचा भाऊ, पळी धरलेला नाना. कायदा झाला तर ही सगळी वरात गुन्हेगार ठरणार होती, आणि त्यांना पकडायला पुंजा झाडू घेऊन पुढे येणार होता. आणि या सगळ्याला तिने अत्यंत स्वागतार्ह म्हटलं होतं.

तेवढ्यात एक कावळा खाली उतरला आणि पिंड टोचून गेला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. सायली सोडून.

शैला तडक उपायुक्तांकडे गेली. समाधान देवरे मूळचे सटाण्याचे. शांत माणूस, पण डोकं तापलं की ऑफिसची भाषा सोडून अहिराणीवर यायचे.

"सर, पक्ष्यांच्या विधेयकावरचा आपला अभिप्राय बदलावा लागेल. त्यात कावळाही सापडतोय."

"कोणता कावळा?"

"दहाव्याचा."

देवऱ्यांनी कलम वाचलं. परत वाचलं. "हाई काय शे?" ते हळूच म्हणाले. "सिंहस्थात देशभरातले लोक येणार आणि आपण कावळ्याच्या पावत्या फाडणार? हे आधी कोणी वाचलं नाही?"

"मी वाचलं होतं."

"मग?"

"माझ्या डोक्यात कबुतरं होती, सर."

देवऱ्यांनी सगळ्या खात्यांची बैठक बोलावली. बैठकीत आरोग्य खात्याने सुचवलं, कावळा वगळून बाकी पक्षी ठेवा. उद्यान खात्याने विचारलं, मग बागेतल्या चिमण्यांचं काय. एकाने सुचवलं की धार्मिक विधीला सूट द्या. दुसरा म्हणाला, मग कबुतरांना दाणे टाकणारेही उद्या तो धार्मिक विधीच आहे म्हणतील. तिसऱ्याने सावकाश विचारलं, कावळ्यासाठी ठेवलेला पिंड कबुतराने खाल्ला तर गुन्हा कोणाचा? आजवर निरंक लिहिणारी ही मंडळी जेवणाची सुट्टी विसरून भांडत होती. शैलाला वाटलं, प्रत्येक विधेयकात एखादा कावळा असता तर किती बरं झालं असतं.

शेवटी सुधारित अभिप्राय गेला, आणि समितीने महापालिकेला म्हणणं मांडायला मुंबईला बोलावलं. कसारा घाट उतरताना देवरे म्हणाले, "बोलणार तुम्ही. 'अत्यंत' तुम्ही लिहिलंय."

विधान भवनातल्या त्या लांबलचक टेबलाशी शैला उभी राहिली. ज्या विभागाने विधेयक तयार केलं होतं, त्याचे अधिकारी समोरच बसले होते. तिने मुद्दा मांडला: हेतू कबुतरांचा आहे, शब्द सगळ्या पक्ष्यांचा आहे, आणि नाशिकमध्ये त्याची अंमलबजावणी करणं महापालिकेला शक्य नाही.

एका तरुण सदस्याने मान हलवली. "पण कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात ना? शास्त्रात सोय आहे. मग सगळ्यांनी तोच करावा. कायदाही राहील, विधीही होईल."

अधिकारी खूष होऊन टिपून घेऊ लागले. देवऱ्यांनी टेबलाखालून शैलाच्या पायाला बूट लावला. 

"साहेब, माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही दर्भाचाच केला," ती म्हणाली. "कावळा आलाच नाही. माझा स्वतःचा यावर विश्वास नाही, मी तेव्हा भावाला म्हटलं, उरक लवकर, ऊन लागतंय. पण माझी आई अजून विचारते, ह्यांचं काय राहून गेलं असेल. मी तिला हजार वेळा सांगितलंय की कावळ्यांचं पोट भरलेलं होतं. तिला ते पटत नाही. दर्भाचा कावळा शास्त्राला चालतो, साहेब. आईला चालत नाही."

समितीत एक वयस्क महिला सदस्य होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी दुपार केली. शेवटी त्यांच्या पाटल्या धाकटीला देते म्हटलं, लगेच आला." त्यावर पलीकडच्या सदस्याने आपल्या काकांचं सांगितलं. काका तंबाखूशिवाय हलले नव्हते. मग प्रत्येकाला आपापला कावळा आठवला. विभागाचे अधिकारी 'व्याख्या', 'व्याख्या' करत राहिले, पण दर्भाची सूचना करणारा तरुण सदस्यच आता आजोबा आणि भजी यांची गोष्ट सांगत होता. अध्यक्ष ऐकून ऐकून थकले. "अहो, कबुतरांचा त्रास आहे ना? मग तिथे कबुतर लिहा," ते अधिकाऱ्यांना म्हणाले. "कोणताही पक्षी कशाला? पुढचा विषय."

बाहेर आल्यावर देवऱ्यांनी कॅन्टीनमध्ये शैलाला चहा पाजला.  आईचं सगळ्यांसमोर बोलून गेले, याचं तिला वाईट वाटत होतं, आणि ते उपयोगी पडलं याचं त्याहून जास्त.

रविवारी पंचवटीत माहेरी गेल्यावर तिने आईला सगळं सांगून टाकलं. मालनबाई तांदूळ निवडत होत्या. "एवढ्या लोकांना माझं सांगितलंस होय," त्या म्हणाल्या.  मग त्यांनीच विचारलं, "त्या बाईंच्या सासूचा पाटल्यांवर खरंच आला का गं?"

"तसं त्या म्हणाल्या."

"ह्यांना दागिन्यांचा सोस नव्हता," मालनबाई म्हणाल्या आणि पुन्हा तांदळाकडे वळल्या. नाना आतून म्हणाला, "बाबांना कशाचाच सोस नव्हता. म्हणून तर कावळ्याला काही कबूल करता आलं नाही." मालनबाईंना हसू आलं. वडिलांच्या दहाव्यावरून घरात कोणी हसल्याचं शैलाने पहिल्यांदाच बघितलं.

अधिवेशनात विधेयक आलं त्या दिवशी शैला आणि रंगनाथ मोबाईलवर कामकाज बघत बसले. सभागृहात भलत्याच विषयावर गोंधळ चालला होता. त्या गोंधळातच आवाजी मतदान झालं, 'होय'चं बहुमत झालं आणि कबुतरांचं विधेयक मंजूर झालं. कलम सातात फक्त कबुतर होतं.

"झालं?" रंगनाथने विचारलं.

"झालं."

"तुमचं नाव कुटं घेतलं नाय."

"कावळ्याचं तरी कुठे घेतलं," शैला म्हणाली. तिने मोबाईल बंद केला, टेबलावरचं जाहिरात फलकांचं नवं विधेयक उचललं आणि ते आधी पुंजा मुकादमाला वाचून दाखवावं म्हणून तो आज कुठल्या घाटावर आहे ते विचारायला खाली गेली.