धारूरचा वेल्डर भोसरीला

बालाघाटातला घाट चढून एसटी धारूरला पोचली, तेव्हा मला किल्लाबिल्ला काही पाहायचा नव्हता. मला सलीमभाई हवे होते. भोसरीत माझं लहानसं वर्कशॉप आहे. काही वर्षं तिथे वेल्डिंग करून ते गावी परतले आणि माझ्या कामाची रडकथा सुरू झाली. हाती आलेली मोठी ऑर्डर जाऊ नये म्हणून त्यांना परत न्यायला आलो होतो.

बाजाराच्या टोकाला त्यांची पत्र्याची शेड. ऊसतोडीला निघायच्या आधी ट्रॉल्या दुरुस्त करून घ्यायची घाई चाललेली. एका मुकादमाची (टोळीच्या म्होरक्याची) ट्रॉली खोलून ठेवली होती आणि तिचं बेअरिंग बीडहून एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचं होतं. भोसरीत रस्ता ओलांडला की दुकान. इथे माणूस काम करतो की नुसती वाट बघतो?

पण सलीमभाई बसून नव्हते. हूक जोडला, लेथवर नवी पिन कातली, रंगही त्यांनीच मारला. जोडकामाचं दुसरं टोक मुकादमाने धरलं. गिऱ्हाइकानेच हाताखाली राबायचं, ही इथली रीत. मग काम थांबवून सगळे जेवायला बसले आणि मलाही बसवलं. ज्वारीची भाकरी, येसर आमटी (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांची पूड), वर सीताफळं. एवढ्या वेळात भोसरीत किती काम झालं असतं, हा हिशेब मी सुरू केला आणि सीताफळाच्या बियांबरोबर टाकून दिला. डोकं पार गोंधळून गेलं होतं.

संध्याकाळी बेअरिंग आलं, तेही चुकीच्या मापाचं. चिडलो एकटा मीच. सलीमभाईंनी ते परत धाडलं, हात पुसले आणि म्हणाले, "येतो मी. इथं भागत न्हाई. पोरीचं कॉलेज हाय यंदा. एवढी ट्रॉली देतो, मग निगू."

मी मनधरणीच्या तयारीने गेलो होतो. आनंद व्हायला हवा होता, तो होईना.

मुकादमाने साधेपणाने विचारलं, "मंग पुढच्या साली आमी कुनाकडं जावं?"

"अंबाजोगाईला मोठी वर्कशॉपं आहेत," मी म्हणालो.

"आन् तिथलाबी तुमी नेला तर?"

मी मोबाइल काढून परतीच्या एसटीची वेळ बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी योग्य मापाचं बेअरिंग येऊन बसलं, ट्रॉली गेली आणि आम्ही निघालो. वाटेत सलीमभाईंनी विचारलं, तिकडं आता काम कसलं? एकच ब्रॅकेट, दिवसभर, मी सांगितलं.

"मंग काम लई निगंल," म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

ते खरंच होतं. माझी ऑर्डर वाचली, त्यांच्या मुलीचं कॉलेजही मार्गी लागलं. तरी धारूरहून मी एक कामगार घेऊन आलो की गावाचं अख्खं वर्कशॉप, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.