टेकडीवरचं माहेर

दिवाळीला आत्या माहेरपणाला आमच्याकडे यायच्या आणि आईचा पारा चढायचा. तिचे आईवडील ती लहान असतानाच गेले. ज्या काकाने वाढवलं, त्याने लग्न लावून दिलं आणि हात झटकले. तिला बोलावणारं कुणी नव्हतं. मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसायची, नव्या तांदळाच्या खिरीचा डबा घ्यायची आणि आम्हा भावंडांना घेऊन गावामागची टेकडी चढायची. निघताना आत्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "माहेरी जाऊन येतो."

चिचगडकडच्या त्या उतारावर, मोहाच्या झाडांपलीकडे, कमरेइतक्या दगडांचं एक रिंगण आहे. मधोमध दाराएवढी शिळा. खाली फार जुनी माणसं पुरली आहेत, एवढंच गावाला ठाऊक. कुणाची, ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आईने ती आपली करून टाकली. शिळेवर थोडी खीर ठेवून ती पाय पसरून बसायची आणि आत्यांपासून सुरुवात करून घरातल्या एकेकाचं गाऱ्हाणं सांगायची. आम्ही सावलीत बोटं चाटत ऐकायचो. एवढी मोकळी आई आम्हाला घरात कधी मिळाली नाही. त्या दुपारी आठवल्या की माझा जीव अजून तिथेच घुटमळतो.

संध्याकाळी बाबा विचारायचे, "काय म्हनत होते तुये मायबाप?"

"तुमालेच बलावून राहिले," आई म्हणायची. त्या रात्री बाबा उरलेली खीर मागायचे नाहीत.

या हिवाळ्यात उत्खनन करणारी मंडळी आली. रिंगणाभोवती दोऱ्या बांधल्या गेल्या. भावाचा फोन आला, "आई सकाळपासून शिळेवर बसून आहे, उठून नाही राहिली." गोंदियाहून बसचे धक्के खात मी पोचले, ती चिडूनच. या वयात हा काय हट्ट?

कामावरची प्रमुख मुलगी आईशेजारी उकिडवी बसून समजावत होती. हे रिंगण हजारो वर्षांपूर्वीचं आहे, हाडं मिळाली तर जपून काढू, कुणाचा अपमान होणार नाही. आईने सगळं ऐकून घेतलं.

"त्याइले कुठी नेता?"

"नागपूरला, तपासायला."

"मंग परत कवा आनता?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला आईसाठी भयंकर वाईट वाटलं, आणि त्या मुलीसाठीही.

"परत नाही आणत, आजी," ती हळूच म्हणाली.

आईने मान हलवली. मुलीने माणसांना बाजूला नेलं आणि आम्हाला थोडा वेळ दिला. आईने या खेपेला कुणाचंच गाऱ्हाणं सांगितलं नाही. शिळेवरून हात फिरवला, गुडघ्यांवर जोर देऊन उठली आणि माझा दंड धरून उतरू लागली.

मोहाच्या झाडांपाशी आल्यावर तिला हुंदका फुटला. एवढ्या वर्षांत ती इथून कधी रडत उतरली नव्हती. पुढच्या दिवाळीला परत यायचं असायचं.