विहीर उचलली, इन्स्पेक्टर खाल्ला

कॉम्प्युटरला सगळं सांगावं लागतं, आणि आपण सगळं कधीच सांगत नाही. आमच्या ऑफिसातले बहुतेक किस्से त्यातूनच जमले. इतके जमले, की बायको अजून विचारते, "तुम्ही तिथे काम कधी करत होतात?"

ऑफिस म्हणजे नव्या गुडगावातल्या एका बंगलेवजा कोठीचा पहिला मजला. आजूबाजूला अर्धवट बांधलेली घरं आणि मोहरीची शेतं. माणसं तीन. मालक मेहरासाहेब, प्रोग्राम लिहिणारा मी, आणि गेममधली वाक्यं लिहिणारी सुनंदा देशमुख. ती आणि मी दिल्लीतले मराठी, चार्टर्ड बसनं येणारे. नेहरू प्लेसचा एक डीलर प्रत्येक नव्या कॉम्प्युटरबरोबर आमचा गेम द्यायला तयार झाला होता. त्यात चित्रं नव्हती. खेळणाऱ्यानं रोमन अक्षरांत हिंदी हुकूम टाइप करायचा आणि काय झालं ते गेमनं सांगायचं.

सुनंदाचा या कामात जीव होता. पण घरी ठरलं होतं, की बँकेची परीक्षा पास झाली की हे सोडायचं.

* * *

पहिल्यांदा गेम चालला तेव्हा मेहरासाहेबांनी टाइप केलं, 'कुआँ उठाओ'. गेम म्हणाला, 'आपने कुआँ उठा लिया।' प्रत्येक वस्तू उचलता येते असं मी धरून चाललो होतो. विहीर येत नाही, हे सांगायचं राहिलं.

साहेब विहीर घेऊन गावभर हिंडले आणि मग त्यांनी तिच्यातच उडी मारली. गेमनं मारूही दिली. साहेब शांतपणे माझ्याकडे वळले. "यार कुलकर्णी, कुआँ मेरी जेब में, मैं कुएँ में. अब निकलूँ किधर से?"

मी मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. दुसरा रस्ता नव्हता.

* * *

गेममध्ये एक पोलीस इन्स्पेक्टर हवा होता. नवीन काही लिहायचा कंटाळा आला, म्हणून मी गेममध्ये आधीच असलेल्या पराठ्याची नक्कल केली आणि नाव बदललं. बाकीचे गुण तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं मला बोलावलं. तिनं 'इंस्पेक्टर खाओ' टाइप केलं होतं. पडद्यावर होतं, 'वाह! साथ में अचार होता तो मज़ा आ जाता।'

मी लगेच दुरुस्त करायला बसलो. साहेबांची कोठीच्या परवानगीसाठी तेव्हा रोज कुठल्या ना कुठल्या इन्स्पेक्टरशी गाठ पडत होती. ते म्हणाले, "इसे रहने दो."

* * *

डीलर स्वतः गेम बघायला आला. माणूस अतिशय अदबशीर. त्यानं टाइप केलं, 'भाईसाहब ज़रा दरवाज़ा खोल दीजिए'. आमच्या गेमला फक्त पहिले दोन शब्द कळायचे. गेम म्हणाला, 'यहाँ कोई भाईसाहब नहीं है।'

डीलरनं 'माफ़ कीजिए' टाइप केलं आणि तो गेममधल्या दारापासून मागे फिरला. पुढचा आठवडा मी गेमला लांब वाक्यं आणि दिल्लीचे सगळे शिष्टाचार शिकवत बसलो.

* * *

दुसऱ्या खेपेला डीलर तळघरापर्यंत पोचला. गेममधल्या टॉर्चची बॅटरी संपली, 'घुप्प अंधेरा' असं पडद्यावर आलं, आणि त्याच क्षणी गुडगावची लाइट गेली. पंखा थांबला, खोली काळोखी झाली.

"क्या इफ़ेक्ट डाला है," डीलर अंधारातून म्हणाला. त्यानं ऑर्डर तिथेच पक्की केली. आम्ही तिघंही गप्प राहिलो.

* * *

आणि सुनंदा बँकेची परीक्षा पास झाली. सोमवारी रुजू व्हायचं होतं. शुक्रवारी तिचे वडील ऑफिसात आले. देशमुखकाका मंत्रालयातून रिटायर झालेले. मेहरासाहेबांचे आभार मानायचे आणि मुलीला घेऊन जायचं, एवढंच काम. ती सकाळपासून कोणाशी बोलली नव्हती. मला फार वाईट वाटत होतं, पण काकांशी वाद घालणार कोण?

चहा येईपर्यंत काकांना गेमसमोर बसवलं. गेममधल्या एका फाटकावर चौकीदार होता आणि किल्ली त्याच्याकडे. तोवर जो तो तिथेच अडायचा. साहेबांनी त्याला पैसे देऊ केले होते, मी धक्का मारला होता, डीलरनं मंत्र्याची ओळख सांगितली होती. सुनंदानं त्याच्यासाठी एक वेगळं उत्तर लिहून ठेवलं होतं. साहेब म्हणाले होते, "ये कौन टाइप करेगा? निकाल दो." तिनं काढलं नव्हतं.

काकांनी चष्मा लावला. जून महिन्याची दुपार आहे, असं पडद्यावर होतं. त्यांनी एका बोटानं टाइप केलं, 'चौकीदार को पानी पिलाओ'.

'चौकीदार ने पानी पिया। बोला, सुबह से किसी ने पूछा नहीं था, बाबूजी।'

काकांनी ते दोनदा वाचलं. "हे कोणी लिहिलंय?"

"मी," सुनंदा म्हणाली.

काका पुढचं टाइप करत राहिले. चहा आला, गार झाला. साडेपाचला खाली चार्टर्डचा हॉर्न वाजला. सुनंदानं पर्स उचलली. "बाबा, चला, बस सुटेल."

"तू हो पुढे," काका पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. "हा आता किल्ली देईलसं वाटतंय."