आधी तुमी बसा

नाव बुडाल्याची बातमी आली की कारणं ठरलेली असतात: माणसं जास्त, जॅकेटं कमी, नावाडी बेफिकीर. बातमी वाचून मी दर वेळी म्हणतो, अहो, त्यात मानपानही लिहा की!

अंबड तालुक्यात गोदावरीच्या काठावर आमचं गाव. आम्ही तिला गंगाच म्हणतो. पलीकडच्या गावातली मुलगी मला मनापासून आवडली होती. अडलं होतं ते वडिलांच्या होकारावर, आणि होकार देणं हा काही आमच्या वडिलांचा स्वभाव नव्हे. त्या दिवशी ती आणि तिची माणसं आमचं घर बघून परत निघाली. पाहुण्यांना पलीकडे पोचवायचं म्हणून आम्हीही नावेत चढलो. नावाडी आमच्याच गावचा. त्याने लाइफ जॅकेटं काढली आणि पाहुण्यांना बसायला फळीवर अंथरली.

नाव मधोमध आली तसे मुलीचे थोरले चुलते गंगेला हात जोडायला उभे राहिले. व्याही उभे आणि आपण बसलेलो, हे बरं दिसतं का? वडील उठले. ते उठले म्हणून दोन्हीकडची सगळी उठली आणि नाव एका अंगाला कलली.

पाहुण्यांवर ओरडायचं कसं? नावाडी अजिजीने म्हणाला, "पाव्हनं, बसता का जरा?"

"बसा तुमी," चुलते वडिलांना म्हणाले.

"न्हाई न्हाई, आधी तुमी."

"बिलकुल न्हाई. तुमी पोराकडचे."

पाणी आत आलं. माझी चप्पल तरंगायला लागली. मला सगळं दिसत होतं, पण वडिलांसमोर तोंड उघडायची सवयच नव्हती.

तेवढ्यात ती कडाडली, "बसा म्हणून राह्यले ना नावाडी! सगळे खाली बसा, जल्दी!"

सगळे धपकन बसले. नाव सावरली. पण मग कुणी कुणाकडे बघेना. होणाऱ्या सासऱ्याला दटावणारी मुलगी कोण करून घेतं? नाव वाचली, माझं लग्न बुडालं, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

वडील धोतर पिळत बसले. काठावर उतरल्यावर चुलत्यांनी हात जोडले. "पोरगी बोलून गेली. माफ करा."

"तारीख जल्दीची काढा," वडील म्हणाले. "मला खाली बस म्हणणारं आमच्या घरात कुणीच न्हाई. आज बुडालो असतो."