चेलोची घुरघुर

केळीच्या चिकाचा वास आला की धरणगावजवळची आमची बाग आठवते. भर दुपारी बांधावर बसून मी मोबाईलवर प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकत होतो. त्यातला चेलो, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, माझ्या फार आवडीचा. तो खर्जात घुरघुरला, तसे घड कापणारे आबा कोयता घेऊन धावत आले. "भाऊ, बिबट्या शे!" मला हसू आलं. "आबा, गाणं शे," म्हणत मी मोबाईल बंद केला. केळीच्या पानांआड घुरघुर चालूच राहिली. आबांनी माझा दंड घट्ट धरला. पायाखालच्या वाळक्या पानांचीसुद्धा भीती वाटत होती, तरी एकेक पाऊल मागे सरकत आम्ही कसेबसे रस्त्यावर आलो. अजूनही, शहरातल्या बंद घरातसुद्धा, चेलो सुरू झाला की मी आधी गाणं थांबवून कानोसा घेतो.