पळीभर तीर्थ

श्रीगजाननाला वंदन करून, पत्नीच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी थोडे लिहितो.

सकाळपासून परिचारिकेने तिसऱ्यांदा विचारले, "आजी, काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

तीन दिवसांच्या धावपळीने मी थकलो होतो. त्रासून म्हणालो, "दोनदा सांगितलं, पाण्याचा थेंबही नाही. आत्ता पूजेचं तीर्थ दिलं तेवढंच, पळीभर."

तिने हातातला कागद खाली ठेवला. "आजोबा, तीर्थ म्हणजे पाणीच की."

"तीर्थाला पाणी म्हणत नाहीत."

"भुलीत उलटी झाली तर ते छातीत उतरेल. तिथे ते पाणीच." भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारून ती परतली. "दोन तास थांबायचंय."

पत्नी पडल्या पडल्या म्हणाली, "बाई, हे जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आलेत. आज यांना ऐकू दे."

ते दोन तास मी खाली मान घालून बसलो. माझी संध्या रोज तीच, शब्दही तेच. पण मन बहुधा भलतीकडेच असते. या मुलीचाही प्रश्न तोच होता, परंतु दर वेळी ती उत्तरासाठी थांबत होती.

सायंकाळी पत्नी शुद्धीवर आली. परिचारिका नाडी धरून विचारत होती, "आजी, दुखतंय का?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. या वेळी मी गप्प राहिलो.

वाचकहो, आपल्या घरी आरोग्य नांदो. आणि रुग्णाच्या उशाशी बसण्याची वेळ आलीच, तर पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याचा आपणांस कंटाळा न येवो.