मालक : एकच नाव लिहा

जनावरांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे 'लवंगी मिरची' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्यात नवं सॉफ्टवेअर आल्यापासून त्यांचा पारा खाली उतरतच नव्हता.

ते बनवणाऱ्याने आयुष्यात गोठा पाहिला नसावा. प्रत्येक गाईचं 'लाडाचं नाव' विचारायचं, वळूला वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायचं. इथवर बाईंनी हसून घेतलं. पण 'मालक' या रकान्यात एकच नाव मावायचं, आणि मोठ्या डॉक्टरांनी प्रत्येक गोठ्यापुढे घरातल्या पुरुषाचं नाव घालायला लावलं होतं. म्हणून ओढ्यापलीकडच्या गोठ्यावर एका साहेबांचं नाव लागलं. साहेब दिवसभर शहरातल्या ऑफिसात. शेण काढण्यापासून धारा काढण्यापर्यंत सगळं त्यांची बायको करायची. बाई तिला काकू म्हणत. काकूंचं नाव टाकून शोधलं की पडद्यावर यायचं, 'अशी व्यक्ती नाही'. म्हणजे राबायला व्यक्ती होती, लिहायला नव्हती.

एका दुपारी काकूंच्या गाईचं वासरू आडवं आलं. गोठ्यावर गेलेल्या धाकट्या डॉक्टरांचा फोन आला.

"पोट उघडावं लागेल. संमती आली का बघा."

संमतीचा मेसेज मालकाच्या मोबाइलवर जायचा. मालकाने 'हो' दाबल्याशिवाय सुरीला हात लावायचा नाही, असा मोठ्या डॉक्टरांचा दंडक. साहेबांचा मोबाइल बंद होता. बाईंनी त्यांच्या ऑफिसात फोन लावला, तर साहेब मीटिंगमध्ये होते.

"अहो, काकू तुमच्याशेजारीच आहेत ना?" बाई म्हणाल्या. "त्यांना विचारा."

"त्या केव्हाच्या हो म्हणतायत. पण त्या मालक नाहीत ना."

मागून काकूंचा आवाज आला. "ताई, गाय आता कळा देईनाशी झालीय हो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पडद्यावरच्या 'मालकाने होकार कळवला' या पर्यायावर त्यांनी स्वतःच टिचकी मारली. "आली संमती. करा," म्हणाल्या. नोकरी गेली तर गेली.

गाय वाचली, वासरूही वाचलं. दुसऱ्या दिवशी साहेब तावातावाने दवाखान्यात आले, मागोमाग काकू.

"मला न विचारता माझी गाय फाडलीच कशी? मालक मी आहे."

मोठे डॉक्टर बाईंकडे वळले. "खोटी नोंद केलीत?"

"केली."

"मग उद्यापासून येऊ नका." एवढं बोलून ते साहेबांची समजूत घालू लागले. "बरं, गाय चारा खातेय का?"

"तिला विचारा," साहेबांनी बायकोकडे बोट केलं.

"जखम सुजलीय का?"

"तिलाच विचारा. मी कुठे गोठ्यात जातो?"

"टाके काढायच्या वेळी फोन कोणाला करायचा?"

"तिला करा. मला ऑफिसात फोन नकोत."

बाईंनी काकूंचा नंबर घातला. पडद्यावर प्रश्न आला, 'हा नंबर मालकाचा नाही. मालक बदलायचा का?' बाईंनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला आणि हात मागे घेतला.

काकू काउंटरपाशी आल्या. "बदला," म्हणाल्या. मग मोठ्या डॉक्टरांकडे वळून म्हणाल्या, "आणि ती नोंद खोटी नाही. काल हो मी म्हटलं होतं."